सूर्य की ढग?

पुतण्याची मुलगी पुण्याला नोकरीला असते. गेल्या आठवड्यात रात्री जेवणं झाल्यावर तिचा फोन आला. "आप्पा, आम्ही मैत्रिणी कासला चाललोय, फोटो काढायला. ऊन असेल तेव्हा जाऊ की ढग असतील तेव्हा?" पोरीने नवा कॅमेरा घेतलाय, हौस आहे, आणि घरात हे खूळ तिच्याआधी कुणाला होतं तर मला, म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, "दोन्ही असतील तेव्हा जा." ती हसली. म्हणाली, "आप्पा, तुम्ही मास्तरच राहिलात. सरळ उत्तर द्यायचं नाही."

फोन ठेवल्यावर वाटलं, खरंच दिलं नाही सरळ उत्तर. फोनवर देता येण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितो आहे. तीही हे वाचते (असं म्हणते तरी!), आणि तुम्हा मंडळींपैकी बरेच जण पावसाळ्यात कॅमेरा गळ्यात अडकवून घाटाघाटांतून हिंडत असता, तेव्हा तुमच्याही थोडंफार कामाला येईल. पण लांबण लागणार आहे, आधीच सांगतो.

माझा पहिला कॅमेरा म्हणजे आग्फाचा क्लिक थ्री. १९७१ साली शाळेत नोकरीला लागलो आणि तिथल्याच एका सहकाऱ्याकडून तो जुना कॅमेरा तीस रुपयांना घेतला, तेही दोन पगारांत फेडून. काळी डबी नुसती. त्यात १२० नंबरचा रोल बसायचा आणि रोलात बारा फोटो निघायचे. आजच्या मुलांना हसू येईल, पण त्या कॅमेऱ्यात माणसाने ठरवायचं फारसं काही नव्हतंच. भिंगापाशी एक चिमुकली दांडी होती. एका बाजूला सूर्याचं चित्र, दुसऱ्या बाजूला ढगाचं. ऊन असेल तर दांडी सूर्याकडे, नसेल तर ढगाकडे. संपलं फोटोग्राफीचं शास्त्र!

हे शास्त्र ज्याने केलं तो कडेगावात श्रावणात आला नसावा. आमच्याकडे दांडी सूर्यावर ठेवून डोळ्याला डबी लावावी तोवर ढग येतो, ढगावर सरकवावी तोवर ऊन पडतं. 

त्याला कारण आहे. आमच्या गावावरून गुहागर-विजापूर रस्ता जातो. मी मराठी आणि भूगोल शिकवायचो, आणि भूगोलाच्या तासाला पुस्तक मिटून या रस्त्याचंच उदाहरण द्यायचो. समुद्रावरून आलेला वारा पाण्याने जड होऊन चिपळूणच्या बाजूने कुंभार्ली घाट चढतो, चढताना थंड होतो, आणि हातातलं सगळं कोयनेच्या खोऱ्यात टाकून देतो. कोयनानगरला वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस. तिथून तोच रस्ता पाटण, कराड करत आमच्याकडे येतो, आणि दर दहा मैलांवर रान कोरडं होत जातं. आमच्याकडे पाचशे-सहाशे मिलिमीटर झाला तरी लोक म्हणतात, यंदा बरा झाला. वारा तोच, पण घाट उतरताना तो पुन्हा तापतो, ढग फाटतात, विरतात. याला पुस्तकात 'पर्जन्यछायेचा प्रदेश' म्हणतात. छाया! मला त्या शब्दाची नेहमी गंमत वाटत आली. पावसाची सावली म्हणजे पाऊस नसलेली जागा. आणि त्या छायेत बसून मी छायाचित्रं काढणार.

पण खरं सांगायचं तर फोटो काढणाऱ्याला याहून चांगली जागा नाही. घाटमाथ्यावर पावसाळ्यात महिना महिना नुसतं पांढरं असतं, डोंगर आहे की नाही हेच कळत नाही. आमच्याकडे ढग येतात ते फाटून, रिकामे होऊन. मध्ये खिडक्या राहतात आणि त्या खिडक्यांतून उन्हाचे पट्टे खाली पडतात. एक पट्टा माळावरून धावत येतो, ओढा ओलांडतो, डोंगराईच्या उतारावर चढतो आणि बघता बघता पलीकडे जातो. (बाहेरच्यांसाठी : डोंगराई म्हणजे शेजारच्या कडेपूरचा डोंगर, वर देवीचं देऊळ आहे.) एक क्षण सगळा डोंगर काळा आणि देवळापाशीच तेवढा उजेड. पुढच्या क्षणी देऊळ अंधारात आणि पायथा पेटलेला. दुपार कलल्यावर आमच्या रानाच्या बांधावर उभं राहिलं की हा खेळ फुकट बघायला मिळायचा.

१९७२ च्या ऑगस्टात मी असाच बांधावर उभा होतो. सुट्टीचा दिवस होता. मृगात थोडं शिंतडलं होतं त्यावर आबांनी बाजरी पेरली होती आणि ती बोटभर येऊन थांबली होती. रोज दुपारी पश्चिमेकडून ढग यायचे, आभाळ भरायचं, वारा सुटायचा, आणि सगळं डोक्यावरून पूर्वेला निघून जायचं. त्या दिवशी तर असे ढग आले की काय सांगू! खालून निळे-काळे, कडांना चांदीसारखे, आणि मधल्या फटीतून तिरपे किरण थेट डोंगराईवर. माझ्या रोलात शेवटचा एकच फोटो शिल्लक होता. मी डबी डोळ्याला लावली. आबा रानात मध्येच उभे होते, कपाळावर हात धरून आभाळाकडे बघत. डोंगराच्या बरोबर समोर. मी ओरडलो, "आबा, जरा बाजूला सरका!"

आबा माझ्याकडे वळले, हातातली काळी डबी बघितली, आणि काही न बोलता दहा पावलं बाजूला झाले. मी दांडी सूर्यावर ठेवली आणि खटका दाबला.

फोटो उत्तम आला. आजवर इतक्या वर्षांत इतके रोल संपवले, नंतर डिजिटल आलं, पण त्या तीस रुपयांच्या डबीतून आला तसा एकही नाही. कराडला एका स्टुडिओत तो मोठा करून घेतला, काच लावली आणि सोप्यात टांगला. येणारा जाणारा वाखाणायचा. "मास्तर, हे काश्मीर का?" असंही एकाने विचारलं होतं. मी अभिमानाने सांगायचो, आमच्या रानातनं काढलाय.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. बहात्तरचा दुष्काळ. बाजरी वाळून गेली. लाल मिलो, सुकडी, खडी फोडण्याची कामं. माझा पगार चालू होता तरी आई-आबा खडीवर गेले, कारण पगारात सात तोंडं भागत नव्हती. मास्तराचे आईबाप खडी फोडतात याची तेव्हा मला लाज वाटली होती. त्याहून जास्त लाज आज त्या लाजेची वाटते. असो.

फोटोवर आबा कधी काही बोलले नाहीत. कुणी वाखाणला की ते उठून गोठ्याकडे जायचे. मला वाटायचं, त्यांना त्यातलं कळत नाही. १९९१ मध्ये, आबा ऐंशीच्या घरात होते तेव्हा, घराला रंग द्यायला सगळ्या तसबिरी खाली काढल्या होत्या. आबा कॉटवर बसले होते. हा फोटो त्यांच्या मांडीवर ठेवून मी फडक्याने काच पुसत होतो. सहज म्हणालो, "आबा, कुठल्या सालचा आठवतोय का?"

आबा म्हणाले, "साल कशाला, दिस बी सांगतो. त्या दिशी मी बैलं इकायची ठरिवली."

मी गप्पच झालो. पाखऱ्या आणि ढवळ्या. आटपाडीकडची खिलार जोडी. ती दुष्काळात विकली हे मला ठाऊक होतं, सगळ्यांनीच विकली होती, कवडीमोलाने. पण ते कधी ठरलं, कसं ठरलं, हे मी कधी विचारलं नव्हतं. आबा सांगत होते ते असं की, त्या दुपारी ते ढगांकडे बघत मनाशी म्हणत होते, आज पडला तर जोडी ठेवायची. कडबा संपत आला होता. आज नाही पडला तर पुढच्या बाजारी न्यायची. ढग बरोबर डोक्यावर आले. तेवढ्यात मी त्यांना बाजूला सरकवलं. मग ते बाजूला उभे राहिले, ढग पुढे गेले, आणि पुढच्या बाजारी बैलं गेली.

"तुझ्या फोटूत ढग लई झ्याक आल्यात," आबा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. खरंच म्हणाले.

मी म्हटलं, "आबा, हा फोटो आता परत नको लावायला."

"ऱ्हाऊ दे की. बैलं न्हाईत त्यात, पर दिस हाय."

फोटो परत भिंतीवर गेला. आजही तिथेच आहे. पण त्यानंतर मला एक खोड लागली. माझे सगळे जुने फोटो मी साल टाकून ठेवलेले आहेत, मास्तरकीची सवय. ते एकदा सगळे काढून बसलो आणि चांगले-वाईट असे गठ्ठे केले. चांगल्या गठ्ठ्यात कोणती सालं निघाली असतील? १९७२. मग २००३, त्या वर्षी आमच्या भागात छावण्या पडल्या होत्या. पुढे २०१२ भर पडली. आभाळ जेव्हा जेव्हा आम्हाला फसवून गेलं, तेव्हा तेव्हा माझे फोटो चांगले आले. आणि ज्या वर्षी खरंच पडला, त्या वर्षीचे फोटो म्हणजे राखाडी गोधडी. ना डोंगर, ना किरण, ना खिडकी. घरी सगळे खूश आणि माझा रोल वाया.

आता सांगा, पोरीला मी काय उत्तर देणार? ऊन असताना जा म्हणू की ढग?

तरीही मला या छंदाचा पश्चात्ताप नाही. आबांनाही माझा राग नव्हता. एवढंच की चांगला उजेड पडला की कॅमेऱ्याकडे जाणारा हात आता जरा थबकतो. आधी रानात कोण उभं आहे ते बघतो.

आता थोडं कामाचं लिहितो, नाहीतर ती म्हणेल आप्पांनी रडगाणंच लावलं.

डोंगरावर हवा बदलते ती मिनिटा-मिनिटाला, आणि तिथे कॅमेऱ्यापेक्षा जास्त लागतो तो धीर आणि फडकं. मऊ सुती फडकी चार घे, एक भिजलं की दुसरं. कॅमेऱ्याला घालायला दुधाच्या पिशव्या धुऊन ठेव, पैसे घालून टोप्या विकत घ्यायची गरज नाही. गाडीत एसी लावून जाल आणि वर उतरून एकदम कॅमेरा काढाल तर भिंगावर वाफ धरेल आणि तेवढ्यात समोरचा उजेड निघून जाईल. म्हणून शेवटची काही मैलं काचा उघड्या टाका. धुक्यात कॅमेरा हमखास फसतो. समोरचं सगळं पांढरं बघून त्याला वाटतं उजेड फार आहे, आणि तो फोटो अंधारा काढतो. पांढरं धुकं चुलीच्या धुरासारखं दिसतं. तिथे आपणच उजेड एक घर वाढवून द्यायचा. उलट ढगांच्या फटीतून किरण पडत असतील तर आभाळ सांभाळायचं, जमीन काळी आली तरी नंतर उजळता येते. डिजिटलमध्ये एकदा जळून पांढरं झालेलं आभाळ परत येत नाही. आमच्या रोलच्या काळात हे बरोबर उलटं होतं, त्यामुळे माझं जुनं ज्ञान मलाच पुसून नव्याने लिहावं लागलं.

कासला जायचं तर आधी नेटवरून नोंदणी करून जा. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशाच्या यादीत गेलं तेव्हापासून गर्दी फार. पायवाट सोडू नका, फुलांत बसून फोटो काढू नका. तिथली माती म्हणजे कातळावरचा वीतभर थर, काही ठिकाणी तेवढाही नाही. सीतेची आसवं नावाचं निळं-जांभळं फूल आहे, नखाएवढं. ते तुडवून त्याच्यामागच्या डोंगराचा फोटो काढणारी माणसं मी पाहिली आहेत. आणि हो, मोबाइलमध्ये आता म्हणे आभाळ बदलून मिळतं. फोटो कसाही असो, बोट लावलं की मागे हवे तसे ढग येऊन बसतात. परवा एकाने मला दाखवलं, कौतुकाने. मला आबांची आठवण झाली. बदलूनच मिळणार असेल तर त्यांनी कुठलं मागितलं असतं ते मला ठाऊक आहे, आणि ते फोटोत चांगलं दिसलं नसतं.

धीराचं म्हणाल तर त्यात मी स्वतः नापास आहे. १९८८ च्या ऑक्टोबरात मी आणि सौ. एसटीने महाबळेश्वरला गेलो होतो. तोवर क्लिक थ्री जाऊन याशिका आला होता, छत्तीस फोटोंचा रोल, मोठी चैन. पहाटे उठून आर्थर सीटला पोचलो. समोर सावित्रीचं खोरं असायला हवं होतं, तिथे काठोकाठ भरलेलं धुकं. दीड तास बसलो. मी धुक्याचेच फोटो काढत राहिलो, उरलेला रोल त्यातच संपवला. मग पाठीमागून सूर्य वर आला. मी रोल बदलायला म्हणून आडोशाला बसलो, जुना काढला, नव्याची जीभ खाचेत घालतोय, तोच सौ. ओरडली, "अहो, इकडे बघा तर!"

तिची सावली खालच्या धुक्यावर पडली होती आणि सावलीच्या डोक्याभोवती सप्तरंगी वर्तुळ. इंद्रवज्र! हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजाला दिसलं म्हणून ज्याचं नाव झालं, तेच. सूर्य पाठीशी, धुकं समोर आणि खाली, असा मेळ जमावा लागतो. मी एका हातात उघडा कॅमेरा आणि दुसऱ्यात रोल घेऊन धावलो, पण मी कड्याशी पोचेपर्यंत धुकं हललं आणि मला आमच्या दोघांच्या नुसत्या अंधुक सावल्या दिसल्या. कॅमेरा बंद करून तयार होईपर्यंत त्याही गेल्या. मग तासभर थांबलो. पुन्हा काही आलं नाही.

सौ. चं म्हणणं असं की मी धावत आलो तेव्हा ते वर्तुळ होतं, पण तिच्याच डोक्याभोवती होतं, माझ्या नव्हतं. मी तिला कितीदा समजावलं की ते प्रत्येकाला आपापल्याच सावलीच्या डोक्याभोवती दिसतं, शेजारच्याच्या नाही, तो प्रकाशाचा नियम आहे. ती म्हणते, "असेल नियम. पण तुम्हाला तुमच्याही डोक्याभोवती दिसलं नाही ना?" यावर भूगोलाच्या मास्तराकडे उत्तर नाही. पस्तीस वर्षांहून जास्त झाली, अजून पाहुण्यांसमोर सांगते.

मनाला समाधान म्हणून मी अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सची गोष्ट आठवतो. अमेरिकेतला फार मोठा छायाचित्रकार, डोंगरांचाच. १९४१ च्या नोव्हेंबरात न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ नावाच्या खेड्यावरून तो मोटारीने जात होता. संध्याकाळ, वर चंद्र, मागे बर्फाचे डोंगर, आणि मावळतीचं ऊन खेड्याच्या स्मशानातल्या क्रुसांवर. गाडी थांबवून त्याने घाईघाईने कॅमेरा उभा केला, तर उजेड मोजायचं यंत्र सापडेना. चंद्राचा उजेड किती असतो हे त्याला पाठ होतं, त्यावरून त्याने हिशोब केला आणि एक फोटो घेतला. दुसरा घ्यायला फिल्मचा होल्डर उलटा केला तेवढ्यात क्रुसांवरचं ऊन गेलं. एकच फोटो, जगभर गाजला. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते. त्या रात्रीच्या आभाळात खरं तर विरळ ढग होते. पुढची कित्येक वर्षं तो त्याच निगेटिव्हवरून प्रती काढत राहिला आणि दरवेळी आभाळ आणखी काळं करत गेला, इतकं की ढग जवळजवळ बुडाले. फोटो त्याने मोठा केला यात शंका नाही. तरी कडेगावच्या माणसाला ढग पुसायचा धीर होणं कठीण.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीला महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. आमचे नातेवाईक तिकडे अडकलेले, फोन लागत नव्हते. कॅमेरा मी त्या आठवड्यात हातात घेतला नाही. आणि त्याच दिवसांत आपल्याच जिल्ह्यात जत-आटपाडीकडे पिण्याच्या पाण्याचे टँकर चालू होते. ते पाणी पडलं होतं कोयनेच्या अंगाला, वाहून गेलं सांगलीला, आणि आमच्यावरून गेले ते नेहमीचे फाटके ढग. बाहेरगावच्या मित्रांना हे सांगितलं तर त्यांना खरं वाटेना.

आता मात्र आमच्याकडचं चित्र बदललं आहे, आणि ते आभाळामुळे नाही. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलतात आणि टप्प्याटप्प्याने वर चढवून आमच्याकडे, खानापूर-आटपाडीकडे आणतात. जे पाणी ढगांनी घाटावर टाकून दिलं तेच मोटारी लावून परत आणायचं, असा हा प्रकार. बिल मोठं आहे, भांडणं आहेत, पाणी कधी येतं कधी येत नाही, ऊस किती लावावा यावर पुतण्याचं आणि माझं पटत नाही. मी म्हणतो थोडी बाजरी ठेव, तो म्हणतो बाजरी खातं कोण. पण आबांच्या रानात पाणी आलं, हे खरं. आबा १९९४ मध्ये गेले, त्यांनी ते पाहिलं नाही.

त्यांचा त्या ढगांबरोबरचा फोटो माझ्याकडे नाही. रोलात एकच शिल्लक होता आणि तो मी डोंगराचा काढला.

तेव्हा बाळे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की सप्टेंबरात मिळेल त्या दिवशी जा. ऊन असलं तरी जा, ढग असले तरी जा, कासवर एका तासात दोन्ही मिळतील आणि वर भिजशीलही. फडकी विसरू नकोस. परत जाताना वाट वाकडी करून दोन दिवस गावी ये. ज्या बांधावरून मी तो फोटो काढला तिथून आता डोंगराई दिसत नाही, पुरुषभर उंच ऊस आडवा येतो. फोटो काढायचा तर तुझ्या बाबांच्या नव्या घराच्या स्लॅबवर चढावं लागतं. जिन्याला अजून कठडा नाही, त्यामुळे तुझी आजी मला वर जाऊ देत नाही. तू चढ. मी खालून सांगतो पट्टा कुठवर आला ते. आणि रानात तुझे बाबा दारं धरत उभे असतील तर असू देत तसेच, त्यांना हाक मारू नकोस.